ही गाडी ओरिजिनल आहे का? जुन्या रेसिंग गाड्या पारखायला शिकताना

इंग्लंडमध्ये दर सप्टेंबरात गुडवुड रिव्हायव्हल भरतो. 1948 ते 1966 या काळात ज्या ट्रॅकवर शर्यती झाल्या, त्याच ट्रॅकवर त्या काळातल्या गाड्या पुन्हा पळतात, आणि अगदी जीव तोडून पळतात. मोनॅकोची ऐतिहासिक ग्रां प्री 1997पासून आहे, ल मॉन्स क्लासिक 2002पासून. नोकरीनिमित्त तिकडे राहणारे बरेच मराठी लोक हल्ली हौसेने तिकीट काढून जातात, इथले यूट्यूबवर बघतात. आणि गाडी समोर आली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: ही ओरिजिनल आहे का?

या एका प्रश्नात खरं तर चार प्रश्न आहेत. ही गाडी त्या काळात बनली का? त्या काळी जी धावली तीच ही का? तिच्यात तेव्हाचं लोखंड आणि पत्रा किती उरलाय? आणि तिच्याबद्दल जे सांगितलं जातंय ते खरं आहे का? चारही प्रश्नांची उत्तरं वेगवेगळी निघू शकतात. म्हणून हे प्रश्न सुटे करून, एकेक पायरी चढत गाडीकडे कसं बघायचं ते इथे लिहितो.

माझं मत आधीच सांगतो. 'ही नवी बनवली आहे' असं उघड सांगून पळवलेली रेप्लिका मला अजिबात खटकत नाही. तिच्यामुळे तो आवाज, तो आकार लोकांना अनुभवायला मिळतो. पण एका गाडीचा इतिहास काढून दुसरीला चिकटवला की ज्या ड्रायव्हरने ती शर्यत मारली आणि ज्या मेकॅनिकांनी रात्रभर जागून गाडी उभी केली, त्यांच्या कामाची नोंद कायमची बिघडते. तेवढ्यासाठी ही पारख शिकायची.

पायरी 1: गाडी कुठल्या प्रकारातली आहे ते ठरवा

हात न लागलेली रेसिंग गाडी जवळजवळ सापडतच नाही. ती कामाची वस्तू होती. रविवारी ठोकली की सोमवारी पत्रा बदलायचा, इंजिन बसलं की दुसऱ्या गाडीतलं चढवायचं, हंगाम संपला की विकून मोकळं व्हायचं. त्यामुळे बदल दिसले म्हणून लगेच नाक मुरडू नका. संघाने त्या काळातच केलेला बदल हा त्या गाडीच्या इतिहासाचा भाग असतो.

रिस्टोअर केलेल्या गाडीत प्रश्न प्रमाणाचा येतो. मूळ सांगाडा, मूळ इंजिन आणि नवा पत्रा ही एक गोष्ट झाली. कुठेतरी एक गिअरबॉक्स आणि मागचा ॲक्सल सापडला आणि त्याच्याभोवती अख्खी गाडी नव्याने उभी केली, ही निराळीच. विकणारा मात्र दोन्हींना 'रिस्टोअर्ड' म्हणतो.

मग येतात कंटिन्युएशन गाड्या, म्हणजे मूळ कंपनीने किंवा तिचे हक्क असलेल्यांनी अनेक दशकांनंतर पुन्हा बनवलेल्या. जग्वारने 1963-64मध्ये लाइटवेट ई-टाइप 18 बनवायचं ठरवलं होतं, बनल्या 12. उरलेले सहा चेसिस नंबर तसेच पडून होते, ते वापरून कंपनीने 2014मध्ये सहा नव्या गाड्या जाहीर केल्या. 12 फेब्रुवारी 1957च्या रात्री जग्वारच्या ब्राउन्स लेनच्या कारखान्याला आग लागली, त्यात एक्सकेएसएस मॉडेलच्या नऊ गाड्या गेल्या. त्या नऊ 2016च्या घोषणेनंतर पुन्हा बनल्या. जग्वारच्याच डी-टाइपच्या 25, ॲस्टन मार्टिन डीबी4 जीटीच्या 25, बेंटली ब्लोअरच्या 12 अशी ही रांग वाढत गेली. काम उत्तम असतं. पण नंबर जुन्या यादीतला असला तरी गाडी आत्ताची आहे आणि तिने त्या काळात एकही फेरी मारलेली नाही, हे डोक्यात पक्कं असू द्या.

टूलरूम कॉपी म्हणजे मूळ गाडी मोजून, मूळ ड्रॉइंगवरून, जुन्याच पद्धतीने केलेली हुबेहूब नक्कल. अर्जेंटिनातल्या पाराना शहरात पुर सांग नावाचा कारखाना बुगाटी टाइप 35 अशा बनवतो. 1930च्या दशकातल्या ऑटो युनियनच्या, म्हणजे ऑडीच्या पूर्वज कंपनीच्या, गाड्या युद्धानंतर सोव्हिएत सैन्य घेऊन गेलं, म्हणून ऑडीने क्रॉसथवेट अँड गार्डिनर या इंग्लिश वर्कशॉपकडून काही पुन्हा बनवून घेतल्या, आणि त्या रेप्लिका आहेत हे कधी लपवलं नाही. 1950च्या दशकातल्या मासेराटी 250एफ या रेसिंग गाडीचे उरलेले सुटे भाग जमवून कॅमेरॉन मिलर यांनी काही गाड्या उभ्या केल्या, त्यांना नंबर दिले ते सीएम अक्षरांनी सुरू होणारे. नंबर वाचताक्षणीच गाडी कुणी बांधली ते कळतं. असं काम करणाऱ्यांबद्दल मला फार आदर आहे.

शेवटचा प्रकार नुसत्या दिसण्यापुरता. एसी कोब्रा हे ठळक उदाहरण: अस्सल गाड्या हजाराच्या आसपास, आणि फायबरच्या बॉडीच्या नकला त्याच्या कितीतरी पट.

पायरी 2: कागद कशाचा आहे ते नीट वाचा

नवखा माणूस सगळ्यात जास्त इथे फसतो. मालक अभिमानाने एचटीपी दाखवतो, म्हणजे आंतरराष्ट्रीय मोटर स्पोर्ट संघटना एफआयएचा हिस्टॉरिक टेक्निकल पासपोर्ट. फोटो, मापं, शिक्के सगळं असतं, आणि बघणाऱ्याला वाटतं की गाडी अस्सल असल्याचं सरकारी प्रमाणपत्रच मिळालं.

एचटीपी तसं काही सांगत नाही. एफआयएच्या अपेंडिक्स के नावाच्या नियमावलीत काळाचे टप्पे पाडलेले आहेत, उदाहरणार्थ स्पोर्ट्स आणि जीटी गाड्यांसाठी ई म्हणजे 1947 ते 1961 आणि एफ म्हणजे 1962 ते 1965. गाडीची रचना तिच्या टप्प्यातल्या रचनेशी जुळते का, एवढंच एचटीपी बघतो: इंजिन किती सीसीचं, ब्रेक ड्रम की डिस्क, कार्ब्युरेटर कुठले, चाकांची रुंदी किती. गाडी त्या काळात बनलेली असो किंवा त्याच मापाने नंतर बनवलेली असो, नियमात बसली की तिला पासपोर्ट मिळू शकतो. शर्यतीसाठी हे योग्यच आहे. समान मापाच्या गाड्या एकत्र पळाव्यात हा त्याचा उद्देश. वंशावळ सिद्ध करायला तो कागद बनलेलाच नाही.

ऐतिहासिक वाहनांची जागतिक संघटना फिवा, 1966 साली स्थापन झालेली, स्वतंत्र ओळखपत्र देते. त्यात गाडी किती जपलेली आहे, किती रिस्टोअर केलेली आहे याची वर्गवारी असते. इंग्लंडच्या व्हिंटेज स्पोर्ट्स-कार क्लबची, स्थापना 1934, स्वतःची कडक तपासणी आहे. फेरारीसारख्या कंपन्या स्वतःच्या जुन्या गाड्यांना प्रमाणपत्र देतात. प्रत्येक कागद हातात घेताना एकच बघा: देणाऱ्याने नेमकं काय तपासलं?

भारतातला नियमही इथे नोंदवतो. 2021मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी 'व्हीए' ही वेगळी नोंदणी मालिका आणली. 50 वर्षांपेक्षा जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली, मोठे फेरफार न झालेली दुचाकी-चारचाकी त्यात बसते. हा रस्त्यावरच्या नोंदणीचा नियम आहे, रेसिंगच्या इतिहासाशी त्याचा संबंध नाही.

पायरी 3: नंबर बघा, पण तिथेच थांबू नका

आपल्याकडे आरटीओच्या कामासाठी चेसिस नंबरवर कागद ठेवून पेन्सिल घासून छाप घेतात. त्यामुळे नंबर जुळला की गाडी तीच, ही सवय हाडीमाशी मुरलेली आहे. जुन्या रेसिंग गाड्यांना ती चालत नाही. कारण नंबराची प्लेट दोन रिव्हेट काढले की सुटते आणि दुसऱ्या सांगाड्यावर लागते. शिवाय खुद्द कारखान्यांनीच नंबर फिरवलेले आहेत. शर्यतीसाठी सीमा ओलांडताना कस्टम्सच्या कागदावर जो नंबर असेल, तोच गाडीवर हवा. मग जुनी गाडी मोडीत निघाली की तिची प्लेट नव्या सांगाड्यावर चढायची. मासेराटी 250एफचे नंबर अभ्यासताना म्हणूनच डोकं गरगरतं.

नंबर कुठेकुठे पंच केलेला आहे ते शोधा. प्लेटवर, सांगाड्यावर, इंजिनच्या ब्लॉकवर, गिअरबॉक्सवर, ॲक्सलवर. पंचाच्या अक्षरांचं वळण, खोली, दोन आकड्यांमधलं अंतर हे त्याच कारखान्याच्या इतर गाड्यांशी ताडून बघा. नंबराभोवतीचा धातू घासून पातळ झालेला दिसला तर का, हा प्रश्न विचारायचाच.

ही उठाठेव करायला भाग पाडणारी गोष्ट म्हणजे पैसा. फेरारी 250 जीटीओ 1962 ते 1964 या काळात 36 बनल्या. त्यातली एक 2018मध्ये अमेरिकेत माँटेरीच्या लिलावात 4 कोटी 84 लाख डॉलरला गेली. जीटीओच्या रेप्लिका बऱ्याचदा 250 जीटीई या चार सीटच्या फेरारीवर बांधल्या जायच्या, कारण ती एके काळी स्वस्तात मिळायची. म्हणजे एक नक्कल करायला एक खरी फेरारी कापली जायची. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पायरी 4: साखळी जोडा

गाडी कारखान्यातून कधी निघाली, कुणाकडे गेली, कुठे धावली, कधी ठोकली, कुणी विकली, मधली वर्षं कुठे पडून होती. एका कागदावर सालवार मांडा आणि कुठे खंड पडतोय ते बघा. पाच वर्षं शेडमध्ये धूळ खात पडली होती, हा खंड चालतो. पंधरा वर्षं गाडीचा पत्ता नाही आणि मग अचानक ती 'सापडली' असं असेल तर सावध व्हा.

साखळीचं महत्त्व 'ओल्ड नंबर वन'च्या खटल्याइतकं कुठेच स्पष्ट झालेलं नाही, म्हणून त्यावर जरा थांबतो. बेंटली स्पीड सिक्स या गाडीने 1929मध्ये वूल्फ बार्नाटो आणि टिम बर्किन यांच्या हाती ल मॉन्स ही फ्रान्समधली 24 तासांची शर्यत जिंकली. 1930मध्ये बार्नाटो आणि ग्लेन किडस्टन यांनी त्याच गाडीवर पुन्हा जिंकली. नंतर ती इंग्लंडमधल्या ब्रुकलंड्सच्या ट्रॅकसाठी बदलली गेली, तिच्यात आठ लिटरचं इंजिन आलं. 1932च्या तिथल्या शर्यतीत ती बांधावरून बाहेर गेली आणि ती चालवणारा क्लाइव्ह डनफी जागीच गेला. पुढे ती पुन्हा बांधली, रस्त्यावरची कूपे झाली, आणि बऱ्याच वर्षांनी तिला परत रेसिंगचं रूप दिलं गेलं.

एका कंपनीने ती 1 कोटी पौंडांना घ्यायचं कबूल केलं आणि मग मागे फिरली. म्हणणं असं की, ल मॉन्स जिंकलेल्या गाडीतलं यात आता उरलंय काय? प्रकरण लंडनच्या हायकोर्टात गेलं. 1990मध्ये न्यायमूर्ती ऑटन यांनी निकाल दिला. 1929च्या गाडीतले फारच थोडे भाग उरलेत, हे त्यांनी मान्य केलं. 'ओरिजिनल' हा शब्द तिला लागू होत नाही, हेही. पण ही अस्सल ओल्ड नंबर वनच आहे, असं त्यांनी ठरवलं, कारण ती कधी नाहीशी झाली नाही. एकेक भाग बदलत गेला, पण प्रत्येक टप्प्यावर ही तीच गाडी होती आणि तिच्या जागेवर दावा सांगणारी दुसरी कुठलीच गाडी नव्हती. विक्रीचा करार कायम राहिला.

मला हा निकाल पटतो. त्यातून नवख्याने घ्यायचा तो धडा व्यवहाराचा आहे: धातूचं वय आणि गाडीची ओळख हे दोन हिशेब वेगळ्या वहीत लिहायचे.

आता उलटं उदाहरण. जग्वार डी-टाइपचा मधला भाग म्हणजे ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं कवच, आणि इंजिन धरणारी पुढची चौकट. 1954च्या गाड्यांत ही चौकट कवचाला वेल्ड केलेली होती. 1955पासून ती पोलादी नळ्यांची केली आणि बोल्टने बसवली. दुरुस्तीला सोपं झालं, पण पुढच्या घोळाची पायाभरणीही तिथेच झाली. गाडी ठोकली की चेपलेलं कवच कोपऱ्यात टाकायचं आणि जुन्या चौकटीला नवं कवच लावायचं. काही दशकांनी कुणाला तरी ते टाकलेलं कवच मिळतं, तो त्याच्याभोवती गाडी बांधतो. आता एकाच नंबरावर दोन गाड्या, आणि दोन्हींत खरा धातू! अशा वेळी एखादा मालक दोन्ही गाड्या विकत घेऊन मूळ भाग पुन्हा एकत्र आणतो, तेव्हाच तो वाद मिटतो. म्हणून डी-टाइप बघताना चौकट कुठली, कवच कुठलं, इंजिन कुठलं, हे तीन प्रश्न वेगवेगळे विचारा.

सगळ्यांची कहाणी अशी गुंत्याची नसते. फोर्ड जीटी40 पी/1075 ही एकच गाडी 1968 आणि 1969 अशी दोन्ही वर्षं ल मॉन्स जिंकली आणि तिची ओळख पक्की आहे.

पायरी 5: फोटो घ्या आणि गाडीच्या आत वाका

त्या काळचे फोटो जमवा. शर्यतीआधीच्या तपासणीचे, पिटमधले, अपघाताचे. अपघाताचे फोटो विशेष कामाचे, कारण काय मोडलं ते त्यात दिसतं. बॉनेटवरच्या हवेच्या खाचा मोजा. पेट्रोलच्या झाकणाची जागा, आरशाची जागा, रिव्हेटची ओळ कुठे वळते, हे ताडून बघा. हाताने मारलेल्या रिव्हेटची ओळ कधीच शाळेच्या पट्टीने आखल्यासारखी नसते, तीत चुका असतात, आणि त्याच चुका फोटोत आणि गाडीवर सारख्या सापडल्या तर तो पत्रा तोच असण्याची शक्यता वाढते.

बाहेरच्या रंगावर वेळ घालवू नका. तो परवाचाही असू शकतो. मालकाची परवानगी घेऊन टॉर्चने पॅनेलची आतली बाजू बघा. जुन्या ॲल्युमिनियमवर हातोड्याचे आणि पत्रा वळवायच्या चाकाचे माग असतात, बुजवलेली भोकं असतात. रात्रीच्या शर्यतीसाठी नंबराशेजारी दिवा बसवला, नंतर काढला, तर तिथे ठिगळ उरतं. कडेला रंग उडाला असेल तर खालचे थर दिसतात: निळ्याखाली हिरवा दिसला आणि गाडी आधी हिरव्या रंगात धावल्याची नोंद असली, तर तो एक चांगला पुरावा.

वेल्डिंग बघा. 1930च्या दशकातल्या सांगाड्यावर टिग वेल्डिंग या नंतर आलेल्या पद्धतीचे ते नीटनेटके, खवल्यांसारखे टाके दिसले तर काम नंतरचं. नट-बोल्टही बोलतात. युद्धापूर्वीच्या इंग्लिश गाडीवर बहुतेक ठिकाणी व्हिटवर्थ आणि बीएसएफ या जुन्या इंग्लिश मापांचे आटे असतात, 1950च्या दशकातल्या जग्वारवर यूएनएफचे, तेही इंचातलेच. तिथे मिलिमीटरचा पाना बसत असेल तर तो भाग नवा.

काही नव्या गोष्टी मात्र हिशेबात धरू नका. सीटबेल्ट, रोल बार, आग विझवण्याची यंत्रणा, पेट्रोलची रबरी सुरक्षा-टाकी हे सुरक्षेसाठी असतं. मॅग्नेशियमची जुनी चाकं काळाने तडकतात, म्हणून नवी ओतून घेतात. सस्पेन्शनचे भाग तडे तपासून बदलतात. जुन्याच स्टिअरिंग आर्मवर ताशी 200 किलोमीटरने पळवा, असा आग्रह कुणी धरू नये.

पायरी 6: मेकॅनिकशी बोला

ड्रायव्हरपेक्षा गाडी तयार करणाऱ्या माणसाला जास्त माहीत असतं. शर्यत सुटण्याच्या घाईत त्याला गाठू नका, दुपारी पॅडॉक, म्हणजे गाड्या तयार करायची जागा, शांत असताना जा. 'डुप्लिकेट आहे का?' असं विचारलं की तो तोंड फिरवेल, आणि बरोबरच आहे. 'आज कुठलं इंजिन लावलंय? मूळचं कुठे आहे?' असं विचारा. बरेच मालक मूळ इंजिन घरी जपून ठेवतात आणि शर्यतीला नवा ब्लॉक लावतात. हे शहाणपणाचं आहे, आणि सरळ मालक ते लगेच सांगतो. 'काढलेला पत्रा ठेवलाय का?' हा माझा आवडता प्रश्न. ज्याने खरी गाडी रिस्टोअर केली त्याच्याकडे जुन्या तुकड्यांची पेटी आणि कामाचे फोटो असतात, आणि ते दाखवायला तो उत्सुक असतो.

पायरी 7: विकत घ्यायची वेळ आली तर

लिलावाच्या कॅटलॉगमधलं प्रत्येक वाक्य दोनदा वाचा. 'असं मानलं जातं', 'अमुक गाडीच्या भागांवर आधारित' अशी वाक्यं वकिलाने तपासलेली असतात. नावापुढे 'एक्स-मॉस' किंवा 'एक्स-फांजिओ', म्हणजे एके काळी या नामवंत ड्रायव्हरांनी चालवलेली, असं लिहिलं म्हणून त्यांनी हात लावलेला कुठला भाग आज गाडीत आहे, ते कळत नाही. विकणाऱ्याशी देणंघेणं नसलेला, त्याच मॉडेलवर काम केलेला तज्ज्ञ स्वतःच्या खर्चाने न्या. गाडी जॅकवर चढवून, चाकं काढून बघू द्या. करारात 'अस्सल' एवढाच शब्द नको: सांगाडा कधीचा, इंजिन कुठलं, कुठले भाग नवे, आणि याच नंबरावर दुसऱ्या कुणाचा दावा आहे का, हे सगळं वेगवेगळं लिहून घ्या.

बजेट कमी आणि हौस पळवण्याची असेल तर चांगली टूलरूम कॉपी घ्या, असं मी बिनधास्त सांगेन. फक्त ज्या स्पर्धेत उतरायचं आहे तिच्या आयोजकांना आधी लेखी विचारा. काही ठिकाणी रेप्लिका चालते, काही ठिकाणी निमंत्रणच मिळत नाही.

गाडी तुमची झाली की पुढचं काम तुमच्याकडे येतं. फिवाच्या ट्युरिन चार्टरमध्ये शिफारस आहे की नव्या घातलेल्या भागावर न पुसली जाणारी, सालासकट खूण असावी. ते पाळा. नवी चौकट केली तर तिच्यावर यंदाचं साल पंच करा, काढलेल्या जुन्या भागाला चिठ्ठी बांधून तो पेटीत ठेवा, आणि कामाचे फोटो गाडीच्या फाइलमध्ये लावा, म्हणजे पुढच्या मालकाला गाडी आणि तिच्या सगळ्या नोंदी एकत्रच मिळतील.